दोन शाळांत हजर

प्रिय खडू,

दोन वर्षांत मी तुला एक ओळही पाठवली नाही, आणि आज लिहायला बसले तर पहिलं वाक्यच सापडेना. म्हणून आधी साध्या गोष्टी सांगते. आम्ही चौघं बरे आहोत. सासूबाईंचे गुडघे गेलेत, पण जीभ ठणठणीत आहे. नवरा अजून त्याच इस्पितळात एक्स-रे काढतो आणि घरी येऊन अजून तोच विनोद करतो, की दिवसभर सगळे माझ्यापुढे श्वास रोखून उभे राहतात, घरात मात्र माझं कुणी ऐकत नाही. भिंगरी आठ वर्षांची झाली. तिचे पुढचे दोन दात आलेत, चेहऱ्याच्या मानाने जरा मोठेच.

आज मी रजा टाकली होती. एक काम होतं, ते सकाळीच उरकलं. आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. घरात कुणी नाही, सासूबाईही शेजारी गेल्यात. गुरुवारपासून मला काही वाटत नाही. म्हणजे बरं वाटत नाही किंवा वाईट वाटत नाही असं नव्हे, वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा होतो, हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय. काल भाजी चिरताना बोट कापलं ते फळी लाल झाल्यावर कळलं. पट्टी लावली आणि पुढची भाजी चिरली. तू असतीस तर म्हणाली असतीस, बाई, निदान ओरड तरी.

तू गेलीस त्या वर्षाच्या अखेरीस आपली शाळा बंद झाली, हे तुला तिकडे कळलं असेलच. फळे मोठ्या शाळेत नेले, बाकं कुठे नेली ते कुणालाच माहीत नाही. मलाही त्याच मोठ्या शाळेत घेतलं. पहिली ‘अ’, एकेचाळीस मुलं, आणि स्टाफरूममध्ये अगदी दारापाशी खुर्ची, त्यामुळे दार उघडलं की आधी माझ्या कोपराला लागतं. आपल्या एकोणीस मुलांपैकी सोळा तिथे आली. तीन नाही आली. मधला मोठा रस्ता ओलांडायचा, वर तीन किलोमीटर चालायचं, आणि पोचवायला घरी माणूस नाही. सुताराची धाकटी आठवते ना? ‘ळ’ काढताना जीभ बाहेर काढायची ती. तिला नुकतं कुठे अक्षराला अक्षर जोडता यायला लागलं होतं. आता ती घरी मागाहून झालेल्या तान्ह्या बहिणीला सांभाळते. मागच्या महिन्यात तिच्या दारात दिसली, तर धावत आली आणि म्हणाली, “बाई, शाळा कधी उघडणार?” मी म्हटलं, “बघू.”

मला ती शाळा डोळे मिटले की अजून दिसते. चार खोल्या, त्यातल्या दोन वापरातल्या. खिडकीची कडी तारेनं बांधलेली. मागे लाकडाची वखार, आणि तिथली करवत सुरू झाली की मुलं वाचता वाचता थांबायची, बोट त्या शब्दावर तसंच ठेवून. करवत थांबली की सगळी एका दमात पुढचा शब्द म्हणायची. नवीन माणसाला वाटायचं, आपण काहीतरी शिस्त लावलीय. शिस्त कसली, करवतीची सवय! शिपाईमामांनी आपल्याला नावं ठेवली होती. तू सुतार पेन्सिल खोचतो तसा कानावर खडू खोचून फिरायचीस, म्हणून तू खडू. माझ्यासाठी त्यांना नाव सुचेना म्हणून मी नुसती ‘पहिली-दुसरी’. “तिसरी-चौथी कोण शिकवतं?” असं कुणी विचारलं की मामा म्हणायचे, “खडू.” मुख्याध्यापिकेचा कार्यभार तुझ्याकडे आला तेव्हाही ते तुला खडूबाईच म्हणत राहिले.

भिंगरी तीन वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर यायची, कारण तेव्हा सासूबाई दिराकडे होत्या आणि घरी कुणी नव्हतं. ती माझ्या वर्गात कधी बसलीच नाही. ती तुझ्या फळ्याखाली, भिंतीला टेकून बसायची आणि तिसरीचे पाढे ऐकत स्वतःच्या बुटाची नाडी सोडायची, बांधायची. साडेतीन वर्षांची असताना वाचायला लागली. आपण शिकवलं नव्हतं. शाळा तपासायला ते साहेब आले होते, आठवतं? टाकीच्या नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला वाकले, आणि ही म्हणाली, “काका, ते प्यायचं नाही. वर लिहिलंय.” साहेबांनी वर पाहिलं. खरंच लिहिलेलं होतं, पाच वर्षांपूर्वी, पुसट झालेल्या रंगात. आपण दोघींनी कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी तू मला म्हणालीस, “या पोरीला शिकवायचं नाही. फक्त हिच्या वाटेत यायचं नाही.” तू हे हसत म्हणालीस. मी ते हसण्यावारी नेलं नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं.

मग तिला सहा पूर्ण झाली. त्या वर्षी आपला पट किती खाली आला होता ते तुला मी काय सांगणार? आपण नोकरीला लागलो तेव्हा चौसष्ट मुलं होती. मग खाजगी शाळेची ती पिवळी बस आपल्या गल्लीपर्यंत यायला लागली आणि दर वर्षी चार-पाच पोरं त्या बसच्या पायरीवर चढून गेली. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद, हा नियम. सुट्टीत तू भर उन्हात दारोदार फिरलीस. लोकांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, मूल मात्र क्वचित कुणी दिलं. तू एकोणीस नावं जमवून आणलीस आणि त्या नोंदवहीत, तुझ्या गोल अक्षरात, भिंगरीचं नाव लिहिलंस. “विसावी,” म्हणालीस, आणि वही मिटलीस. मला विचारलं नाहीस. विचारायचा प्रश्नच कुठे होता? मी हसले. माझ्या पर्समध्ये तेव्हा पिवळ्या बसच्या शाळेच्या फॉर्मची पावती होती.

नंतर मी तुला सांगितलं, घरचे ऐकत नाहीत, सासूबाईंना चार लोकांत सांगायला नावाजलेली खाजगी शाळा हवीय, मी एकटी किती भांडू. तू म्हणालीस, “तुझी मुलगी आहे. तू ठरव.” आणि मुलांच्या वह्या तपासायला घेतल्यास. खडू, ते खोटं होतं. घरच्यांनी काही म्हटलं नव्हतं. उलट नवरा म्हणाला होता, “आई तिथे, खडूमावशी तिथे, आणि पोरगी पलीकडे? उद्या लोक म्हणतील, बाईंचाच बाईंवर विश्वास नाही.” सासूबाई म्हणाल्या होत्या, “शाळेनं काय होतंय? हुशार मूल गोठ्यात बसवलं तरी हुशारच.” ठरवलं ते मी. एकटीनं. का ठरवलं, ते तुला कधी सांगितलं नाही.

तुला आपली ‘छोट्या बाई’ आठवते? लॉन्ड्रीवाल्याची मोठी मुलगी. माझ्या सगळ्या नोकरीत तिच्याइतकं चलाख मूल मी पाहिलं नव्हतं. दुसरीत असताना तिला सगळं यायचं, आणि मला एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळायचे, वर तक्ते भरायचे, माहित्या पाठवायच्या. म्हणून मी काय केलं, तिला पहिलीच्या मुलांपुढे बसवलं. ती त्यांना अक्षरं गिरवून घ्यायची, पाट्या तपासायची, भांडणं सोडवायची. सगळे कौतुक करायचे. तीही खुशीत असायची. दोन वर्षं माझ्याकडे होती, त्या दोन वर्षांत मी तिला एकही नवी गोष्ट शिकवली नाही. गरजच पडली नाही मला. जे मूल रडत नाही त्याला आई उशिरा पाजते, तशातली गत. तिसरीत ती तुझ्याकडे आली तेव्हा तू म्हणाली होतीस, ही प्रश्न का विचारत नाही? मी म्हटलं होतं, तिला सगळं येतं ना.

भिंगरीचा फॉर्म भरण्याच्या आधी आठ दिवस मी कपडे आणायला त्या लॉन्ड्रीत गेले. गल्ल्याशी ती उभी. सतरा वर्षांची. दहावीनंतर सोडलं म्हणाली. मी चिठ्ठी शोधत होते, तर म्हणाली, “राहू द्या बाई, चिठ्ठी लागत नाही. तुमचे दोन कुर्ते, सरांच्या तीन पँटी, एकीची चेन बिघडलेली.” मग माझ्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचे कपडे तिनं चिठ्ठी न बघता काढून दिले. एका माणसाला म्हणाली, मागच्या हिवाळ्यात तुम्ही राखाडी कोट टाकला होता, त्याचं एक बटण आमच्याकडे राहिलंय, आणि तिनं खरंच खणातून ते बटण काढलं. लोक हसले. तीही हसली. मी कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून बाहेर आले आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. एवढी बुद्धी, आणि ती बटणं लक्षात ठेवायला.

म्हणजे बघ, मी आपल्या शाळेवर अविश्वास दाखवला नाही. तुझ्यावर तर नाहीच. भिंगरी तिसरीत तुझ्याकडे गेली असती, पण आधी दोन वर्षं ती माझ्या वर्गात असती, आणि मला माहीत होतं मी काय करणार ते. माझी मुलगी म्हणून मी तिला सगळ्यांत शेवटी विचारलं असतं. तिला येतं म्हणून इतरांना शिकवायला बसवलं असतं. आठ वर्षांची होईपर्यंत तिची मी ‘छोट्या बाई’ केली असती. चौदा वर्षं शिकवणारी बाई स्वतःच्या मुलीला स्वतःच्या वर्गात बसवायला घाबरते, हे मी कुणाला सांगणार होते? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यापेक्षा सासूबाईंवर ढकलणं सोपं होतं.

त्या शाळेत मुलाखतीला गेलो तेव्हा गुळगुळीत लाद्यांच्या एका खोलीत तिला रंग ओळखायला सांगितले. तिनं रंग सांगितले आणि म्हणाली, तक्त्यावर जांभळ्याखाली निळा लिहिलंय, तुम्ही बदललं तर बरं. मॅडम हसल्या, एकमेकींकडे बघून मान हलवली. प्रवेश तिथेच झाला. आमच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय असा रकाना होता. नवऱ्यानं पेन माझ्याकडे दिलं. मी ‘गृहिणी’ लिहिलं. त्यानं ते वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. सरकारी शाळेतली बाई आपल्या मुलीला इथे का आणते, असं त्यांनी विचारलं असतं.

तू मला म्हणालीस, “मग हिचं नाव कमी करते.” मी म्हटलं, राहू दे, माझ्या वर्गाचं आहे, मी करते. आज, उद्या, परवा. पण ते नाव कमी झालं असतं तर एकोणीस. आणि एकोणीस म्हणजे तू उन्हात फिरलीस ते वाया. म्हणजे ती एकोणीस पोरं मोठ्या रस्त्यापलीकडे. मी स्वतःलाच सांगितलं, एखादं मूल आणू शोधून, मग कमी करू. पहिल्या दिवशी हजेरीपटात तिच्या नावासमोर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ‘ह’ लिहिला. तिसऱ्या दिवशी हात आपोआप चालला. सकाळी साडेसातला तिला पिवळ्या बसमध्ये चढवायची, पाणी घेतलंस का, रुमाल घेतलास का, आणि साडेदहाला वर्गात बसून तिच्यापुढे ‘ह’ लिहायचा. कधीकधी ती तापानं घरी असायची, तरी ‘ह’. मग वाटलं, इतकी हजेरी संशयास्पद दिसेल, म्हणून महिन्यातून दोन दिवस मी तिला गैरहजर दाखवायला लागले. इतकी अक्कल मात्र होती. दर महिन्याच्या तक्त्यावर मी वीस लिहायची, तू सही करायचीस. ते वीस तू वाचत होतीस की नाही, हे मी तुला विचारलं नाही. तूही मला काही विचारलं नाहीस. असे सात महिने गेले.

तो तपासणीचा दिवस तुझ्यासमोरच झाला, पण माझ्या बाजूनं तो कसा होता ते तू ऐकलेलं नाहीस. साहेब सांगून आले नव्हते. त्यांनी पट हातात घेतला आणि एकेक नाव वाचून मुलांना उभं राहायला सांगितलं. त्या दिवशी मी नेहमीसारखं आल्या आल्या सगळ्यांपुढे ‘ह’ लिहून ठेवला होता. भिंगरीचं नाव आलं. कुणी उभं राहिलं नाही. साहेबांनी पुन्हा वाचलं. करवत बंद होती. आणि सुताराच्या त्या धाकटीनं, मदत करावी म्हणून, हात वर करून सांगितलं, “ती पिवळ्या बसनं जाते, सर. ती बाईंचीच आहे.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीच्या कडीकडे पाहत होते. तू दारात उभी होतीस, कानावर खडू. तू आत आलीस आणि म्हणालीस, “मुख्याध्यापिका मी आहे. पटावर सही माझी आहे. जे विचारायचं ते मला विचारा.” तुझा आवाज जराही हलला नाही. मी तेव्हा एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. नाही बोलले. मुलं उभीच होती, त्यांना बसा म्हणायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. तुझा कार्यभार काढून घेतला, पगारवाढ रोखली, आणि बस जिथे वळून परत फिरते त्या टोकाच्या शाळेत तुला पाठवलं. मला नुसती समज दिली. तू निघालीस त्या दिवशी तुझं कपाट रिकामं करताना तू मला हाक मारलीस आणि तिसरीच्या गणिताचा तो तक्ता दिलास, भिंगरीला आवडायचा म्हणून. मी तो घेतला. थँक्यू म्हटलं. तुझ्यामागून फाटकापर्यंतही आले नाही.

आता भिंगरीबद्दल सांगते. तुला वाटेल, एवढं सगळं करून ती तिकडे कोमेजली असेल. असं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण नाही. ती शाळा चांगली आहे. तिची वर्गशिक्षिका अगदी तरुण मुलगी आहे, दोन वेण्या घालते, मधल्या सुट्टीत भिंगरीबरोबर कोडी सोडवत बसते आणि हरली की खरोखर चिडते. भिंगरीला न येणारी गोष्ट तिनं तिसऱ्याच आठवड्यात शोधून काढली: तिला चुकायला येत नाही. म्हणून ती मुद्दाम अवघड गणितं देते आणि चुकू देते. मला हे चौदा वर्षांत सुचलं नव्हतं. भिंगरी तिथे खूश आहे. शाळेची निवड मी बरोबर केली असावी. बाकी सगळं चूक केलं. मात्र हेही खरं, की तशी बाई त्या शाळेतच मिळते असं काही नाही, कारण तशीच एक आपल्या शाळेत होती आणि फळ्याखाली बसणाऱ्या पोरीला तिनं न शिकवता वाढवलं. हे आता कुणी मला विचारलं, की बाई, तुम्ही शिक्षिका आहात, आमच्या हुशार मुलीला कुठे घालू, सरकारीत की खाजगीत, तर मी काय सांगू? मोठ्या शाळेत पालक खरंच येऊन विचारतात. मी म्हणते, बाई कोण आहे ते बघा. ते हिरमुसतात. त्यांना शाळेचं नाव हवं असतं.

गुरुवारी टपालानं एक जाड पाकीट आलं. तू शिक्षेविरुद्ध दाद मागितलीस, म्हणून जुन्या चौकशीचे सगळे कागद बाहेर काढलेत आणि मला साक्षीला बोलावलंय. छायाप्रतींचा गठ्ठा होता, एकतीस पानं. मी तो टेबलावर ठेवला आणि दूध तापवायला उठले. भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि वाचायला लागली. तिच्यासमोर कागद ठेवून पाठ फिरवायची नसते, हे मला कळायला हवं होतं. हजेरीपटाची पानं तिनं बोट लावून वाचली. मग म्हणाली, “आई, हे माझं नाव आहे. मी इथे हजर होते?” मी म्हटलं, “कागदावर.” तिनं पान उलटलं. मग म्हणाली, “मग तिथली मी काय शिकले?” दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला. तोवर ती सतराव्या पानावर पोचली होती.

तुलाही हाच गठ्ठा आला असेल, आणि तूही सतराव्या पानावर पोचली असशील. नसशील, तर आधी माझ्याकडून ऐक. तपासणीच्या दिवशी तुझ्याशी बोलून झाल्यावर साहेबांनी मला बाजूच्या रिकाम्या खोलीत बसवून लेखी जबाब घेतला. तो बंद पाकिटात गेला. तुला शिक्षा कळली, माझा जबाब कळला नाही. सहा ओळी आहेत. ‘नाव कमी करू नका, रोज हजेरी लावा, असं मला मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, म्हणून मी तसं केलं.’ खाली माझी सही. त्यांनी मला धमकावलं नव्हतं. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?” एवढंच विचारलं, आणि मी हो म्हटलं. तू आधीच सगळं अंगावर घेतलं होतंस, तर अजून एवढ्यानं काय, असं वाटलं असेल. खरं सांगायचं तर काही वाटलं नव्हतं. भिंगरीनं ते पान वाचलं आणि विचारलं, “बाईंनी म्हणजे खडूमावशीनं? खडूमावशीनं तुला खोटं लिहायला सांगितलं?” मी म्हटलं, “नाही.” दोन वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. मग संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, आणि तो म्हणाला, “नोकरी?” मी म्हटलं, “जाईल बहुतेक.” त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि तो म्हणाला, “बरं. भिंगरीच्या शाळेचं तेव्हा बघू.” आज सकाळी कार्यालयात जाऊन मी नवा जबाब दिला, तीन प्रतींत, माझ्या हातानं लिहून: नाव मी ठेवलं, हजेरी मी लावली, बाईंनी काहीही सांगितलं नव्हतं, आधीचा जबाब खोटा आहे. कारकून म्हणाला, एवढी घाई कशाला, सुनावणीतच सांगा की. मी म्हटलं, शिक्का मारा. एक प्रत या पत्राबरोबर पाठवतेय, तुझ्या वकिलाला दे. सुनावणी मंगळवारी अकरा वाजता आहे. मला आधी आत बोलावणार आहेत. तू बाहेरच्या बाकावर असशील, आणि आत जाताना मला तुझ्यासमोरून जावं लागेल. माझ्याशी बोलू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच बोलू नकोस. फक्त दार लावून घेऊ नका, असं मी त्यांना सांगून ठेवलंय, म्हणजे मी काय सांगते ते तुला बाहेर ऐकू येईल.

तुझीच,
पहिली-दुसरी